पहिल्यांदाच स्वतः लॅमिनेट फ्लोअरिंग घालतेय : जुन्या टाइल्सवर चालेल का? आणि ओळींचं गणित कसं बसवायचं?

खटपटी :

नमस्कार मंडळी. बेडरूमची जमीन बदलायची आहे आणि ते काम स्वतःच करायचं ठरवलंय. ड्रिल, जिगसॉ, हातकरवत, पाणसळ, गुण्या एवढी हत्यारं घरात आहेत. भिंतीवरच्या फळ्या, चपलांचं कपाट असली कामं केलीत. जमिनीला मात्र कधी हात लावलेला नाही.

खोली ४.२० मीटर लांब. रुंदीचं एकच माप सांगता येत नाही : खिडकीच्या टोकाला ३३५० मिमी आणि दाराच्या टोकाला ३३३८. खिडकी आणि दार समोरासमोरच्या आखूड भिंतींवर आहेत. एका लांब भिंतीला पलंगाची डोक्याची बाजू येते, दार त्याच कोपऱ्याशी आहे. समोरच्या लांब भिंतीला कायमचं बसवलेलं कपाट आहे, खोलीभर. रुंदी मी कपाटाच्या दर्शनी पट्टीपर्यंत धरली आहे.

खाली जुन्या चकचकीत टाइल्स, तळमजला. खिडकीजवळच्या कोपऱ्यात पूर्वी ओल यायची, बाहेरचा पाइप दुरुस्त केल्यापासून बंद आहे. त्या कोपऱ्यातली एक टाइल ठोकली की पोकळ वाजते.

फळी निवडली आहे ती ८ मिमी जाडीची, १२८५ × १९२ मिमी, एका बॉक्समध्ये ९ नग.

आता शंका. टाइल्स न काढता वरून घातलं तर चालेल का? दुकानात ५ मिमीचा जाड फोम घ्या म्हणतात, पायाला मऊ लागेल म्हणे. तो घेऊ का? भिंतीकडेने सगळीकडे फट सोडायची हे खरंच लागतं की फक्त पुस्तकी? ओळखीचे एक काका म्हणतात की प्रत्येक सांध्यात पांढरा गोंद भरा, नाहीतर दोन वर्षांत सांधे उघडतील. आणि शेवटचं, सुरुवात नेमकी कुठल्या भिंतीपासून करू?

निवांत :

फिटर बोलवा, चहा करा, बघत बसा. (हलके घ्या.)

गंभीरपणे एकच : बॉक्स आणले की न उघडता, आडवे, त्याच खोलीत किमान ४८ तास ठेवा. उभे करून भिंतीला टेकवू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

रंधा :

खटपटी ताई, मापं इतकी नीट दिलीत की उत्तर द्यायला हुरूप आला. बहुतेक जण "साधारण १२ बाय १४ची खोली" एवढंच सांगून मोकळे होतात.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू, म्हणजे निम्म्या शंका आपोआप सुटतील. लॅमिनेट म्हणजे लाकूड नव्हे. मधला गाभा लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला दाट बोर्ड, त्यावर लाकडाच्या नक्षीचा छापील कागद, त्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला कडक पारदर्शक थर, आणि फळी वाकू नये म्हणून पाठीला आणखी एक थर. वरचा थर भलता चिवट असतो. गाभा मात्र हवेतला दमटपणा पिऊन फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. म्हणून ही जमीन खाली कुठेही चिकटवत नाहीत की खिळत नाहीत. सगळ्या फळ्या एकमेकींत अडकून एक अखंड चादर होते आणि ती फोमवर नुसती पडून असते. तिला हलायला मोकळीक हवी. तुमच्या पाचही प्रश्नांची उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

टाइल्स काढू नका. घट्ट बसलेल्या सपाट टाइल्स म्हणजे आयता पाया. "सपाट" मात्र डोळ्यांनी ठरवू नका. दोन मीटर लांबीची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, जमिनीवर उभी, आडवी, तिरकी अशी सगळीकडे ठेवून बघा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा खडूने घेरा. उंचवटा असेल तर घासून काढा, खळगा असेल तर सेल्फ लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या) मिश्रणाने भरा. चकचकीत टाइलवर आधी त्याचा प्रायमर मारावा लागतो, नाहीतर ते मिश्रण पापुद्र्यासारखं सुटतं. जमीन उताराची असली तरी हरकत नाही, खळगे-उंचवटे नकोत. पाणसळीचा बुडबुडा मधोमध यावा म्हणून लोक जीव काढतात, त्याची इथे गरज नाही.

हे काम कंटाळवाणं आहे हे कबूल. पण खळग्यावरची फळी प्रत्येक पावलाला खालीवर होते आणि तो सगळा मार सांध्याच्या जिभेवर, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत अडकणाऱ्या कडेवर पडतो. जीभ जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, तीही भुशाचीच. कधीतरी ती तुटते. काकांना उघडलेले सांधे दिसतात ते बहुतेक याच कारणाने, गोंद नसल्यामुळे नव्हे.

जाड फोम नको याचंही कारण तेच. मऊ म्हणजे जास्त दबणारा. ८ मिमीच्या फळीला २ ते ३ मिमीचा घट्ट अंडरले (फळीखालचा फोमचा थर) पुरे. दोन थर तर अजिबात घालू नका. पट्टे कडेला कड लावून जोडा, एकावर एक चढवू नका, आणि जोडावर चिकटपट्टी लावा.

ओल. तळमजला आहे म्हणून अंडरलेच्या खाली ०.२ मिमी जाडीचा प्लास्टिकचा कागद हवाच. दोन कागदांचा जोड २० सेंटीमीटर एकावर एक, वरून टेप, आणि कडा भिंतीवर थोड्या चढवलेल्या. जास्तीच्या नंतर कापून टाकायच्या. अंडरलेलाच तसा कागद चिकटवलेला असेल तर वेगळा नको. पण कागद म्हणजे ओलीवरचा इलाज नव्हे. ओल जिवंत असेल तर ती कागदाखाली दबून राहील आणि एक दिवस भिंतीकडून वर येईल.

तपासायचं असं : पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवून एक-दोन दिवस ठेवायचा, आतून दव धरतं का बघायचं. मात्र चकचकीत टाइलच्या मधोमध चिकटवलात तर काहीच कळणार नाही, कारण वरची झिलई स्वतःच पाणी अडवते. तुमची ती पोकळ टाइल नेमकी ओलीच्याच कोपऱ्यात आहे, हे बरंच झालं. ती तशीही काढावी लागेल. काढा, आणि खालच्या उघड्या मसाल्यावर प्लास्टिक चिकटवून बघा. खरी बातमी तिथेच मिळेल.

गोंदाबद्दल : काका अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, जुनं बोलताहेत. हे फ्लोअरिंग स्वीडनमध्ये पेर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली काढलं, आणि नंतर बरीच वर्षं सांधे गोंदानेच जोडत. बिनगोंदाचे क्लिक सांधे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. तुमची फळी क्लिकची आहे. गोंद भरला तर पुढे एखादी फळी बदलायची वेळ आली की सांधा सुटणार नाही, तुटेल.

फट हवीच. चारही बाजूंनी १० मिमी धरा. भिंत, चौकट, कपाटाची पट्टी, पाइप, सगळीकडे. वरून स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) येतं, ते भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. दार अडवायचा स्टॉपरसुद्धा फळीतून स्क्रू मारून बसवू नका. एका स्क्रूने सगळी चादर त्या जागी खिळली जाते.

सुरुवात कुठून आणि ओळी कशा, हे जरा निवांत लिहितो. आधी टाइल काढून काय दिसतं ते कळवा.

पाचर :

मी हेच काम करतो, म्हणून थोडं.

रंधा यांचं बाकी सगळं पटलं. पण एवढ्याशा खोलीत १० मिमीची फट म्हणजे जरा जास्तच कौतुक. ५-६ सोडली तरी चालतं, आम्ही सोडतो. फट जास्त ठेवली की बारीक स्कर्टिंगखालून कड डोकावते आणि मग गिऱ्हाईक आम्हालाच बोलतं.

कापण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या अंगाला कपच्या उडतात. म्हणून फळी पालथी ठेवून कापायची, नक्षी खाली. हातकरवत पुढे-खाली ढकलताना कापते, तिथे उलट : नक्षी वर. हे उलटसुलट झालं की कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. बारीक दाताचं पातं घ्या आणि दोन-चार जास्तीची आणून ठेवा. तो वरचा कडक थर पाती भराभर बोथट करतो. पातं बोथट झालं की जळका वास येतो, तेव्हा जोर लावू नका, बदला. मास्क आणि चष्मा लावा. भुसा फार बारीक उडतो, शक्यतो खोलीच्या बाहेर कापा.

आणि पालथ्या फळीवर खूण करताना भान ठेवा. फळी उलटली की डावं-उजवं बदलतं. ओळीच्या शेवटचा तुकडा चुकीच्या टोकाने कापला गेला की जोडायचं टोकच कचऱ्यात जातं. मी खूण करायच्या आधी टाकाऊ बाजूवर पेन्सिलने मोठी फुली मारतो.

दाराची चौकट लाकडी आहे का? असेल तर फळीला चौकटीच्या आकाराची खाच पाडत बसू नका. चौकटच खालून कापा. अंडरलेचा तुकडा आणि त्यावर फळीचा तुकडा पालथा ठेवा, त्याच्यावर करवत आडवी टेकवा आणि चौकट तेवढी कापा. फळी अलगद खाली सरकते, फट दिसत नाही आणि काम नामी दिसतं. चौकट लोखंडी किंवा दगडी असेल तर हे जमणार नाही. तिथे फळीच चौकटीच्या आकारात कापायची, फट ठेवायची आणि तिच्यात फळीच्या रंगाचं लवचीक सीलंट भरायचं.

रंधा :

पाचर, चौकटीची युक्ती झकास सांगितलीत. फटीबद्दल मात्र मी हटणार नाही. तुम्ही जमीन घालून निघता ते कोरड्या दिवसांत. दमट दिवस आले की तीच चादर फुगते, आणि भिंतीला एका जागी जरी टेकली तरी मधोमध उचलली जाते. खोली लहान असली तर फुगवटा कमी येतो हे बरोबर. पण इथली भिंत सरळ नाही हे तर मापांवरूनच दिसतंय, त्यात हातकामातले दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. १० धरले तर चुकून कुठे ७ राहतील. ५ धरले तर कुठेतरी शून्य होईल. नवख्या माणसाला ५ सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कड डोकावते म्हणून फट कमी करण्याऐवजी १५ मिमी जाडीचं स्कर्टिंग लावावं.

पाचर :

१५चं स्कर्टिंग लावणार असाल तर १० ठेवा, माझी काही तक्रार नाही.

चौकस :

अवांतर : यापेक्षा एसपीसी का घेत नाही? चुनखडीची पूड आणि पीव्हीसीचा गाभा असतो, पाण्याने फुगत नाही. बसवायची पद्धत साधारण अशीच.

आणि लॅमिनेटवर एसी ३, एसी ४ असं काय लिहिलेलं असतं? कुठलं घ्यायचं?

रंधा :

चौकस, स्वयंपाकघर किंवा ओलसर जागा असती तर मीही एसपीसीच म्हटलं असतं. बेडरूमला लॅमिनेट उत्तम. पायाला ते कमी थंड लागतं, ही माझी वैयक्तिक आवड धरा. एसीचा आकडा म्हणजे वरचा थर झीज किती सोसेल त्याची प्रतवारी, ईएन १३३२९ या युरोपीय मानकातली. घरातल्या नेहमीच्या वापराला एसी ३ पुरतं, वर्दळीच्या खोलीला एसी ४. त्या आकड्याचा पाण्याशी काही संबंध नाही, आणि लोकांचा नेमका तिथेच घोटाळा होतो.

खटपटी :

मंडळी, मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे.

टाइल काढली. खालचा मसाला कोरडा, भुसभुशीत, बोटाने पूड होत होती. प्लास्टिक दोन दिवस चिकटवून ठेवलं, आत थेंबसुद्धा नाही. आता मसाला भरून टाइल परत बसवली आहे, वाळू देतेय. पट्टी फिरवली तर खिडकीसमोर एका जागी ५ मिमीचा खळगा सापडला, साधारण परातीएवढा. बाकी कुठेच ३च्या वर नाही. चौकट लाकडी आहे. अंडरले २ मिमीचा घेतला, वेगळा प्लास्टिकचा कागदही आणला.

दार खोलीत उघडतं आणि आत्ता त्याच्याखाली ९ मिमी जागा आहे. म्हणजे फळी ८ अधिक अंडरले २, दार अडणार, बरोबर ना?

आणि ओळींचं गणित मी करून पाहिलं : ३३५०मधून दोन्हीकडच्या फटी वजा केल्या तर ३३३०. भागिले १९२, म्हणजे १७ ओळी आणि वर ६६ मिमी उरतात. शेवटी ६६ची पट्टी लावली तर चालेल? शिवाय खोली तिरकी आहे, ते १२ मिमी कुठे जिरवू?

रंधा :

मसाला कोरडा निघाला, उत्तम. खळगा भरून पूर्ण वाळू द्या, घाई नको.

गणित बरोबर आहे. ६६ची पट्टी चालते, साधारण ५ सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. पण एका भिंतीला अख्खी फळी आणि दुसऱ्या भिंतीला चिंधी, असं दिसतं. त्यापेक्षा पहिली अख्खी ओळ आणि ही ६६ची पट्टी, दोन्ही मिळून २५८ मिमी होतात. त्याचे दोन सारखे भाग करा : १२९ आणि १२९. मधे १६ ओळी अख्ख्या, म्हणजे ३०७२. बेरीज ३३३०. एकूण ओळी १८.

आता ते १२ मिमी. पलंगाच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि पहिली ओळ भिंतीला समांतर ठेवली, तर तिरकेपणा सगळा शेवटच्या ओळीत जमा होईल, म्हणजे कपाटाच्या पायाशी. कपाटाची कड सरळ, तिच्या शेजारी निमुळती होत जाणारी फळी. रोज डोळ्यांत खुपेल. म्हणून उलट करा. सुरुवात पलंगाच्याच भिंतीपासून, कारण दार त्या कोपऱ्यात आहे आणि चौकटीखाली फळी सरकवायला सुरुवातीलाच मोकळीक असते. पण ओळी समांतर ठेवायच्या त्या कपाटाला. पहिली ओळच निमुळती कापा : खिडकीच्या टोकाला १२९, दाराच्या टोकाला ११७. ती पलंगाच्या डोक्याखाली जाईल, कोण वाकून बघतंय! मग कपाटाकडची शेवटची ओळ सबंध लांबीला सारखी १२९ची येईल.

ते करायचं असं. पहिल्या ओळीच्या फळ्या जमिनीवर जोडून घ्या. जीभ भिंतीकडे, खाच तुमच्याकडे. जिभेच्या बाजूने खिडकीकडे ६३ मिमीवर खूण, दाराकडे ७५वर खूण, मधे दोरी ताणून खडूची रेघ मारा. फळ्या सुट्या करा, मागे क्रमांक टाका, रेघेवर कापा, परत जोडा. जीभ आपोआप निघून जाते. पहिल्या दोन ओळी जोडल्या की भिंतीकडे १० मिमीच्या पाचरी ठोकून कपाटापर्यंतचं माप दोन्ही टोकांना आणि मधे घ्या. तिन्ही सारखी आली की मगच पुढे. त्या दोन ओळी सरळ असतील तर बाकीच्या सोळा आपण होऊन सरळ जातात, आणि वाकड्या असतील तर पुढे कुठेच सुधारता येत नाहीत.

लांबीचं गणित तुम्ही केलेलं दिसत नाही, आणि तिथे एक खोड आहे. ४२००मधून २० गेले, ४१८०. पहिली ओळ : तीन अख्ख्या फळ्या, ३८५५, आणि ३२५चा तुकडा. त्या फळीचा उरलेला ९६०चा भाग दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. मग दोन अख्ख्या आणि ६५०. उरलेला ६३५ तिसऱ्या ओळीला, दोन अख्ख्या, शेवटी ९७५. (पात्याच्या जाडीचे दोन-तीन मिमी सगळीकडे कमी होतील, ते धरलेले नाहीत.) इथवर छान, आडवे सांधे प्रत्येक वेळी ३२५ने सरकलेत, किमान ३०० हवेत. आता ३१०चा तुकडा उरला. हात शिवशिवतात तो चौथ्या ओळीला लावायला. लावू नका! ३१० आणि तीन अख्ख्या मिळून ४१६५ होतात, म्हणजे शेवटी १५ मिमीची कपची बसवावी लागेल. ती धड जोडता येत नाही, धड टिकत नाही. चौथी ओळ परत अख्ख्या फळीने सुरू करा. तीन ओळींना १० फळ्या लागतात, १८ ओळींना ६०. सात बॉक्समध्ये ६३ असतात. क्षेत्रफळावर १० टक्के वाढवून पाहिलंत तरी सातच बॉक्स येतील. ओळी जिन्यासारख्या दिसतील अशी भीती असेल तर मधेमधे दुसऱ्या-तिसऱ्या ओळींची अदलाबदल करा, पण शेजारच्या ओळीशी ३००चं अंतर दरवेळी मोजा.

फळ्या एकाच बॉक्समधून सलग काढू नका. तीन-चार बॉक्स उघडून मिसळून घ्या, रंगाचा फरक आणि नक्षीचे जुळे नमुने त्यामुळे विखुरतात.

आता प्रत्यक्ष जोडणं. फळी साधारण २०-३० अंशांत तिरकी धरायची, जीभ खाचेत टेकवायची, हलकेच पुढे रेटत खाली न्यायची. नीट बसली की बारीक "टक्" येतो आणि हाताला कळतं. नाही आला, तर लगेच हातोडा उचलू नका. फळी परत उचला, खाच बघा. दहातल्या नऊ वेळा खाचेत भुशाचा कण असतो. जुना टूथब्रश खिशात ठेवा, प्रत्येक खाचेवरून फिरवा. ठोकायची वेळ आलीच तर खाचेच्या कडेला ठोकळा धरून हलके हलके ठोकायचं, फळीवर थेट कधीच नाही. मग सांध्यावरून नख फिरवा. नख कुठे अडलं, तर तो सांधा त्याच क्षणी सोडवून परत जोडा. चार ओळी पुढे गेल्यावर तो सापडला तर चारही ओळी काढाव्या लागतात.

दार : बरोबर ओळखलंत, ९ मिमी जागेत १० मिमी मावणार नाही. खाली ५ मिमी तरी मोकळी हवी, म्हणजे दार निदान ६ मिमी कापा. दाराशी बाहेरच्या जमिनीला जुळवणारी पट्टी कुठली घेताय? तिची जाडी यात धरलेली नाही.

पाचर :

दोन जोड देतो. चौकटीखाली फळी सरकवताना ती तिरकी करायला जागा नसते. पहिल्या एक-दोन ओळीत अडचण येऊ नये, पण आलीच तर खाचेच्या खालच्या ओठावरचा उंचवटा पटाशीने तासून सपाट करा, तिथे पांढरा गोंद लावा आणि फळी आडवीच ठोकून आत घाला. गोंद फक्त तेवढ्या जागी. काका खूश होतील.

शेवटच्या ओळीला कपाटाकडे ठोकळा मावणार नाही. दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी पट्टी मिळते. तिचं एक टोक फळीच्या कडेला अडकवायचं, दुसऱ्यावर हातोडा मारायचा. पट्टीखाली कापड ठेवा, नाहीतर फळीवर ओरखडा पडेल. आणि कपाटाशी स्कर्टिंग येणार नाही, तिथे पातळ लाकडी पट्टी कपाटालाच चिकटवा, फळीला नाही.

खटपटी :

३१०चं गणित वाचून कपाळाला हात लावला, मी तो तुकडा नक्कीच चौथ्या ओळीला लावला असता.

दाराची पट्टी अजून घेतलेली नाही. बाहेर टाइल आहे, खोलीपेक्षा एक सेंटीमीटर खाली राहील. आणि एक : दार आधी कापू की जमीन झाल्यावर? जमीन झाली की नेमकी उंची कळेल असं वाटतं.

रंधा :

मग उतरती पट्टी घ्या, दोन उंचींना जोडणारी. तिचा खालचा भाग खालच्या जमिनीला स्क्रूने बसतो, फळीतून नाही. फळी तिच्या आत मोकळी राहिली पाहिजे, तिथेही १० मिमी. पट्टी शक्यतो बंद दाराच्या बरोबर खाली येऊ द्या, म्हणजे खोलीतून टाइल दिसत नाही आणि बाहेरून फळी दिसत नाही.

दार आधी. दाराजवळ अंडरलेचा तुकडा, त्यावर फळीचा तुकडा, त्यावर ती पट्टी अशी चळत ठेवा, वर ५ मिमी धरा आणि दारावर रेघ मारा. बिजागऱ्यांच्या पिना काढून दार आडवं करा, रेघेवर टेप लावा म्हणजे कपच्या उडणार नाहीत, आणि कापा. लगेच परत बसवू नका. दार काढलेलंच असू द्या. पहिल्या ओळी चौकटीखाली सरकवताना ते मधे येतं, शिवाय फळ्यांचे बॉक्स आतबाहेर करायला मोकळी वाट मिळते. शेवटची ओळ, पट्टी आणि स्कर्टिंग झालं, भिंतीकडच्या पाचरी काढल्या, की मग दार लावा.

कापलेल्या कडेला रंग किंवा पॉलिशचा हात मात्र दार आडवं आहे तोवरच मारून घ्या.